हा घोडा कुणाचा?

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या नेवाशाच्या घरी दोन कामे एकाच वेळी निघतात. आत पितळेची भांडी चिंचेने घासली जातात आणि बाहेर अंगणात मुले चिखल कालवून किल्ला उभारतात. गेल्या दिवाळीत ह्या दोन्ही कामांच्या मधोमध माझी पत्र्याची पेटी सापडली. भांड्यांबरोबर हिच्यातले पितळही लखलखीत करून टाकावे असे घरच्यांच्या मनात होते. आणि किल्ल्याच्या दिंडी दरवाजावर लावायला काहीतरी भारी वस्तू हवी म्हणून माझा आठ वर्षांचा नातू पेटीवर डोळा ठेवून होता. पेटी उघडताच त्याने एक बिल्ला उचलला. पेटलेल्या गोळ्याचा आकार, आणि गोळ्याच्या पोटावर उधळलेला घोडा.

"आजोबा, हा घोडा कुणाचा? महाराजांचा?"

"नाही रे. जर्मनीतल्या एका राजघराण्याचा."

"मग तो आपल्या शिपायाच्या टोपीवर कशाला?"

चाळीस वर्षे मी लष्करी बिल्ले जमवतो आहे. नगरच्या छावणीभोवतीची दुकाने, पुण्याचा जुना बाजार, गावोगावचे मोडवाले ह्यांच्याकडे खेटे घालून ही पेटी भरली आहे. पण ह्या प्रश्नाला माझ्यापाशी धड उत्तर नव्हते. इतिहास ठाऊक होता, उत्तर नव्हते. त्या दोहोंत अंतर असते हे त्या दिवशी जाणवले, आणि हा लेख त्यातूनच निघाला आहे.

वाचक विचारतील, पितळेच्या तुकड्यांना समीक्षा कसली? पण आपण कवितेतल्या प्रतीकांवर इतके लिहितो, तर ज्या प्रतीकाखाली माणसे मरायला तयार झाली त्याच्याविषयी दोन शब्द बोलायला काय हरकत आहे? शिवाय आपली भाषा ह्या बाबतीत गरीब नाही. निशाण, मुद्रा, शिक्का, बिरुद, बिल्ला हे सारे शब्द आपले रोजचे. 'चपरास' म्हणजे पट्ट्यावरची पितळी तबकडी. ती ज्याच्या अंगावर तो चपराशी. माणसाला त्याच्या बिल्ल्यावरूनच नाव पडले! चिन्ह माणसाला किती चिकटते, ह्याचा ह्याहून चांगला दाखला कोणता द्यावा?

आता तो घोडा. १७१४ साली जर्मनीतल्या हॅनोव्हरचा इलेक्टर इंग्लंडच्या गादीवर आला आणि त्याच्या घराण्याचा पांढरा घोडाही समुद्र ओलांडून गेला. तिथून तो काही ब्रिटिश पलटणींच्या चिन्हांत शिरला आणि शेवटी हिंदुस्थानी ग्रेनेडियर्सच्या बिल्ल्यावर येऊन बसला. त्याच्याखालचा पेटता गोळा म्हणजे हातबॉम्ब. जुन्या काळी पलटणीतले उंच, धिप्पाड शिपाई निवडून त्यांच्या हाती हे गोळे देत. फेकायला दंडात जोर हवा म्हणून. 'ग्रेनेड' हा शब्द मुळात डाळिंबाचा. दाण्यांनी गच्च भरलेले फळ आणि दारूने गच्च भरलेला गोळा, हे साम्य युरोपातल्या कुणा शिपायाला सुचले असावे. गंमत अशी की आपल्या भुईनळ्याला 'अनार' म्हणतात, आणि अनार म्हणजेही डाळिंब. दोन टोकांच्या दोन माणसांना दारूकाम पाहून एकच फळ आठवले. म्हणजे ह्या बिल्ल्याचा निम्मा भाग तरी तुमच्या-माझ्या अंगणात दिवाळीच्या रात्री उडतच असतो. उरलेला निम्मा, तो घोडा, मात्र परकाच राहतो. त्याच्याकडे पुन्हा येऊच.

दुसरे चिन्ह बिगुलाचे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा वंश १७६८ साली मुंबईत उभारलेल्या शिपायांच्या पलटणीपर्यंत मागे जातो. तिच्या बिल्ल्यावर बिगूल आहे, आणि जोडीला ढाल-तलवारी आहेत. ढाल-तलवार कुणालाही समजते. बिगूल कशासाठी? अठराव्या शतकात युरोपातले शिकारी लोक सैन्यात हलक्या पायदळाचे काम करू लागले. हे पायदळ रांगेत न चालता रानात पांगून लढे; पांगलेल्या माणसांना ढोलाचे इशारे कळेनात, तेव्हा शिकाऱ्यांचे वाकडे शिंग कामी आले. म्हणून बिल्ल्यावरचा बिगूल नीट पाहिला तर तो कवायतीच्या मैदानावरच्या सरळ नळीचा नसतो. दोरीने टांगलेले, वाकवलेले शिकारी शिंग असते. १८४० साली बलुचिस्तानातल्या काहानच्या गढीत मुंबईच्या पाचव्या पलटणीच्या शिपायांनी दीर्घ वेढा सोसला आणि १८४१ साली तिला 'लाइट इन्फन्ट्री' हे बिरुद मिळाले. शिंग आले ते असे.

पण हे मी पुस्तकातून सांगतो आहे. आमच्याकडचा एखादा शेतकरी हा बिल्ला हातात घेतो तेव्हा त्याला जर्मन शिकारी आठवत नाही. त्याला लग्नाच्या वरातीतले, पालखीपुढचे, पोवाड्यातले शिंग दिसते. केशवसुतांनी १८९३ साली तुतारीला कवितेत आणले, तेव्हा त्यांना तरी परक्याकडून उसने काय घ्यावे लागले? शेतकऱ्याचे वाचन इतिहासाच्या दृष्टीने चूक आहे. तरीही मी ते चूक म्हणणार नाही. मंगेश, नवरदेव आणि रणांगण ह्या तिघांसमोर ज्या समाजात एकच वाद्य फुंकले जाते, त्या समाजातल्या शिपायाने ह्या चिन्हात स्वतःचा अर्थ ओतला, आणि तो तिथे उत्तम मावला. १९४५ च्या ९ एप्रिलला इटलीतल्या सेनिओ नदीवर नामदेव जाधव ह्या आपल्या नगर जिल्ह्यातल्या निमजच्या शिपायाने दोन जखमींना वाचवले, शत्रूची मशीनगनची ठाणी एकट्याने बंद पाडली आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची रणघोषणा देत मागच्या लोकांना पुढे बोलावले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बिल्ल्यावरचा बिगूल त्या क्षणी माणसाच्या गळ्यातून वाजला, असे मी म्हणेन.

तिसरे चिन्ह अधिक अवघड आहे. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठी कोरेगावला कंपनीच्या मुंबई पलटणीची पेशव्यांच्या फौजेशी लढाई झाली. त्या पलटणीला पुढे 'ग्रेनेडियर' हा किताब मिळाला, आणि लढाईच्या जागी इंग्रजांनी दगडी स्तंभ उभारून मेलेल्यांची नावे कोरली. ती नावे वाचताना 'नाक' ह्या शेवटाची महार शिपायांची नावे एकामागून एक येतात. स्तंभ बांधणाऱ्याचा हेतू स्वतःचा विजय मिरवण्याचा होता. पण पुढे ह्याच महारांना लष्कराची दारे बंद झाली, आणि ज्यांना गावात सावलीचीही मोकळीक नव्हती त्यांना त्या दगडावर आपल्या पूर्वजांची नावे सापडली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ आला. पुढे त्यावर एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या व्हिकर्स मशीनगन आल्या, आणि स्वातंत्र्यानंतर तो स्तंभ निघून त्याच्या जागी खंजीर आला.

मी दोन्ही बिल्ले शेजारी ठेवून पुष्कळदा पाहिले आहेत. नव्या राष्ट्राच्या फौजेने कंपनीचा जयस्तंभ कपाळावर का वागवावा, हा प्रश्न रास्त आहे. पण त्या स्तंभाचा दुसरा अर्थ, म्हणजे आम्हीही लढलो होतो आणि दगडाला ते ठाऊक आहे हा अर्थ, बिल्ल्यावरून उतरला तरी माणसांच्या मनातून उतरला नाही. दरवर्षी १ जानेवारीला तिथे जमणारा लोकसागर त्याची साक्ष देतो. उलट व्हिकर्स मशीनगन लढाईतून केव्हाच निवृत्त झाली आहे. तरी ती बिल्ल्यावर टिकून आहे, कारण ती वागवणाऱ्या पलटणीने तिला आपला इतिहास दिला.

खांबाच्या बाबतीत आम्ही नेवासकर थोडे अधिकाराने बोलू शकतो. प्रवरेकाठच्या आमच्या देवळात जो खांब आहे, त्याला टेकून ज्ञानदेवांनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली, अशी आपली श्रद्धा. त्या खांबावर लेख आहे. तो ज्ञानेश्वरीविषयी चकार शब्द बोलत नाही. देवळातल्या अखंड दिव्याच्या तेलासाठी केलेल्या दानाची ती नोंद आहे. दुर्गाबाई भागवतांनी ह्याच खांबावर 'पैस' हा लेख लिहिला आणि आपल्या पुस्तकालाही तेच नाव दिले. कोरणाऱ्याने तेलाचा हिशेब लिहिला. टेकणाऱ्याने त्याला पैस केले. चिन्हाला दोन जन्म असतात, ही गोष्ट मला कुठल्याही समीक्षाग्रंथाआधी ह्या खांबाने शिकवायला हवी होती. रोज त्याच्यावरून जाऊनही मी शिकलो नाही.

आता आखून केलेल्या चिन्हांकडे वळू. २६ जानेवारी १९५० रोजी देश प्रजासत्ताक झाला आणि फौजेच्या खांद्यांवरून व टोप्यांवरून इंग्रजी मुकुट उतरला. त्या जागी सारनाथचे सिंह आले. अधिकाऱ्यांच्या खांद्यावरचा 'बाथ' ह्या ब्रिटिश मानसंघाचा तारा जाऊन पाच टोकांचा तारा आला. इंजिनियर दलाचे लॅटिन ब्रीद होते, 'उबिक्वे'. त्याचे 'सर्वत्र' झाले. हे भाषांतर मला फार आवडते. इतके नेमके, इतके लहान! आणि खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे रामा राघोबा राणे १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरी वाटेवर गोळीबाराखाली सुरुंग काढत आणि रणगाड्यांना रस्ता करून देत पुढे सरकले, तेव्हापासून त्या शब्दाला मराठी घाम लागला आहे. त्यांना परमवीर चक्र मिळाले.

त्या परमवीर चक्राची आखणी हा तर प्रतीकरचनेचा उत्कृष्ट नमुना आहे. मधोमध राजचिन्ह आणि भोवती चार वेळा इंद्राचे वज्र. वज्र दधीची ऋषींच्या अस्थींचे. त्यांनी ती आपण होऊन दिली. म्हणजे शस्त्र आणि त्याग ह्या दोन कल्पना एकाच आकारात आल्या आहेत. एक दुसरीवर चिकटवलेली नाही. ही आखणी सावित्रीबाई खानोलकरांची. त्या जन्माने युरोपियन. १९१३ साली स्वित्झर्लंडात जन्मल्या, विक्रम खानोलकर ह्या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झाल्या आणि आपल्या पुराणांचा त्यांनी कसून अभ्यास केला. परक्या देशात जन्मलेल्या बाईने आपल्या फौजेतले सर्वांत भारतीय चिन्ह घडवले. तेव्हा 'परके' आणि 'आपले' ही मोजपट्टी वाटते तितकी सोपी नाही.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय आरमाराच्या निशाणावरून सेंट जॉर्जचा क्रूस गेला आणि शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून सुचलेली अष्टकोनी चौकट आली. मला आनंद झाला. न होईल तो मराठी माणूस कसला? पण टीकाकार म्हणून आनंदाच्या पुढे जायला हवे. महाराजांची मुद्रा मोठी झाली ती तिच्या आठ कोनांमुळे नव्हे. ती उमटवून लिहिलेला शब्द पाळला जाई, म्हणून ती मोठी. अष्टकोन निशाणावर काढणे हे आरंभ झाले. तो आपला होईल तो त्याच्याखाली पाण्यावर राहणाऱ्या माणसांमुळे, आणि त्याला काही काळ लागेल.

इथवर मी शहाण्यासारखे बोललो. आता माझ्या वेडेपणाची हकीकत सांगतो, कारण वरचे शहाणपण त्या वेडेपणाच्या किमतीत मिळाले आहे.

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. जवळच्या खेड्यातली एक बाई घरी आली. साठीकडे झुकलेली, डोक्यावरून पदर, हातात पिशवी. मी तेव्हा शाळेत शिकवत होतो.

"गुरुजी, आमच्या मामंजींचा बिल्ला तुमच्याकडं आलाय म्हणं. पोरानं मोडीत घातला. मोडवाला म्हणला, गुरुजींनी नेला."

तिचे सासरे लढाईच्या काळात मराठा पलटणीत होते, इटलीत गेले होते. वारताना त्यांनी तो बिल्ला तिच्या हाती दिला होता. तिने मागणी अगदी हलक्या आवाजात केली, वर म्हणाली, "काय पैसं द्यायचं ते देते."

मी पेटी काढली आणि मोठ्या थाटात अकरा बिगूल ओळीने मांडले. ती वाकून एकेक पाहू लागली. प्रत्येक हातात घ्यायची, अंगठा फिरवायची, खाली ठेवायची. अकरावा ठेवला आणि म्हणाली,

"ह्यातला न्हाई. त्यांचा पार गुळगुळीत झाला हुता. रोज सकाळी राखंनं घासायचे. शिंग नुसतं हाताला लागायचं, डोळ्याला दिसायचं न्हाई."

मला लख्ख आठवले. तसा एक बिल्ला माझ्याकडे आला होता खरा. आणि तो मी पुण्याच्या एका संग्राहकाला देऊन त्याच्या बदल्यात ठसठशीत, न वापरलेला, कोऱ्या कडांचा नमुना घेतला होता. आमच्या छंदात झिजलेला माल कमी प्रतीचा! अदलाबदल फायद्याची झाली म्हणून मी त्या दिवशी घरी श्रीखंड आणले होते. ज्याला दिला त्याचा ठावठिकाणा मी टिपला नव्हता, आणि कुणाकडून आला तेही कुठे लिहिले नव्हते.

मी तिला अकरांपैकी हवा तो घ्या म्हणालो. तिने मान हलवली. "दुसऱ्याच्या घरचं असंल ते," म्हणाली, आणि चहाही न घेता निघून गेली.

आमच्या छंदावरची जी पुस्तके मी वाचली, ती त्या रात्री पुन्हा काढली. त्यांत काय आहे? मुकुटाच्या कमानीवरून काळ ओळखावा. पाठीमागे कड्या आहेत की उभी पट्टी ते पाहावे. पितळ की पांढरा धातू ते तपासावे. ठसा खोल तर मोल अधिक. सगळे खरे आणि उपयोगाचे. ह्या ज्ञानाशिवाय नकली माल ओळखता येत नाही. पण शेकडो पानांत हा बिल्ला कुणी घातला, असे विचारणारे एक वाक्य नाही. ही पुस्तके ठसा मारणाऱ्या कारखान्यापाशी थांबतात. कवितेची छपाई, कागद आणि बांधणी ह्यांवर ग्रंथ लिहावा आणि कविता कुणी वाचली ते विचारूच नये, तसे हे झाले.

आणि ही चूक करायला मी कुठे राहत होतो? नेवाशात! इथल्या लाडमोड टेकडीवर डॉ. ह. धी. सांकळिया आणि डेक्कन कॉलेजच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ पासून उत्खनन केले. अश्मयुगापासून मराठेशाहीपर्यंतची वस्ती त्यांनी थराथराने उलगडली. तिथे ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या सांगाड्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. मण्यांत दोऱ्याचा अंशही शिल्लक होता. तेच मणी कुणी टेकडीवरून वेचून बाजारात विकले असते तर ते चार आण्यांचे तांबे. गळ्याशी सापडले आणि तसे टिपले गेले, म्हणून तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका आईचे मन आपल्याला कळले. वस्तू कुठे, कुणापाशी, कशाशेजारी होती, ह्यातच तिचा अर्थ अर्धाअधिक असतो. उत्खनन करणारा मातीचा रंगसुद्धा लिहून ठेवतो. मी त्या माणसाचे नावही लिहिले नव्हते.

एक आक्षेप मीच घेतो. कवितेत प्रतीक झिजले की मरते. चंद्रमुखी आणि कमलनयना ह्यांची अवस्था आपण पाहतोच. मग बिल्ल्याची झीज मोलाची कशी? कारण असे की कवितेतले प्रतीक न अनुभवता उचलल्याने झिजते, आणि त्या शिपायाचा बिगूल रोज हाताळल्याने झिजला होता. एकात माणूस गळून जातो, दुसऱ्यात तो उतरतो. डोळ्यांना न दिसणारे शिंग बोटांना लागत होते. ह्याहून पूर्ण झालेले प्रतीक मी तरी पाहिलेले नाही, आणि ते मी कोऱ्या पितळेला विकले.

त्यानंतर मी एक वही घातली. ज्याच्या घरून बिल्ला येतो त्याला विचारतो: कुणाचा, कुठल्या गावचा, कुठे लढला, घरी आल्यावर काय करी. पुष्कळदा एवढे विचारल्यावर घरची माणसे बिल्ला विकायचे रहित करतात आणि तो पुन्हा देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात जातो. माझी पेटी त्यामुळे फारशी भरत नाही, वही मात्र भरत चालली आहे. ज्यांच्या घरी असा एखादा तुकडा पडला असेल त्यांना ह्या दिवाळीत माझी एवढीच विनंती आहे: भांड्यांबरोबर घासायला काढाल तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जवळ बसवा, आणि तो काय सांगतो ते कागदावर उतरवून त्या बिल्ल्यापाशी ठेवा.

नातवाच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. दुसऱ्या दिवशी किल्ला लिंपताना मी त्याला म्हणालो, "काल मी चुकीचे सांगितले. हा घोडा अब्दुल हमीदचा."

"तो कोण?"

मग मी त्याला चौथ्या ग्रेनेडियर्सच्या हवालदार अब्दुल हमीदची गोष्ट सांगितली: १९६५ चा सप्टेंबर, खेमकरणच्या भागातली उसाची शेते, जीपवर बसवलेली तोफ आणि समोरून येणारे पॅटन रणगाडे, एकामागून एक रणगाडे त्याने कसे टिपले आणि अखेर तिथेच कसा पडला, आणि मरणोत्तर परमवीर चक्र कसे मिळाले. हॅनोव्हरच्या राजघराण्याने हा घोडा आखला असेल. पण तो चालवला ह्याने.

पोराने सगळे ऐकून घेतले. बिल्ला दिंडी दरवाजावर न लावता त्याने तो आत, महाराजांच्या सिंहासनाच्या उजव्या बाजूला, चिखलात नीट रोवला, आणि शेजारी एक पणती ठेवली. त्या पणतीचे तेल संपू नये म्हणून तो रात्री दोनदा उठला होता, असे त्याच्या आईने सकाळी सांगितले.